बघण्यासारखं काही

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला तीन प्रश्नांची धास्ती असते. पहिला, ‘पाणी आलं का?’ दुसरा, ‘जागा स्वतःची का?’ आणि तिसरा, ‘तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे हो?’ पहिल्या दोहोंना उत्तरं असतात. नसली तर थापा असतात. तिसऱ्याला मात्र आपण क्षणभर आढ्याकडे बघतो आणि दक्षिणेकडे बोट दाखवतो. राणीचा बाग, गेटवे, म्हातारीचा बूट! म्हणजे बघण्यासारखं जे काही आहे ते माहीमच्या खाडीपलीकडे, आणि अलीकडे आपण.

मी खारदांड्यात राहतो. टपालाच्या पत्त्यात तसं लिहावंच लागतं. पण लग्नाकार्यात कोणी ‘कुठे असता?’ म्हणून विचारलं, की मी नुसतं ‘खारला’ म्हणतो आणि चटकन जिलबीचा घास घेतो. खार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बंगले, गुलमोहोर आणि सिनेनट्या येतात. दांडा म्हटलं की बोंबील येतात. वास्तविक खार स्टेशन १९२४ साली झालं. आमचा दांड्याचा कोळीवाडा त्याच्या कितीतरी आधीपासून समुद्रकाठी ठाण मांडून आहे. ज्येष्ठता पाहिली तर खारनेच ‘मी दांड्याजवळ असतो’ असं सांगायला हवं. पण ज्येष्ठतेला विचारतो कोण? विचारत असते तर मी हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो असतो.

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गेल्या वर्षी मलेशियाला जाऊन आले. त्या दिवसापासून त्यांचं आडनाव मागे पडलं आणि सगळी बिल्डिंग त्यांना ‘मलाक्कावाले’ म्हणू लागली. मलाक्का हे तिथलं एक राज्य. परतल्यावर त्यांनी आम्हां सहा बिऱ्हाडांना चहाला बोलावलं आणि टीव्हीवर चारशे फोटो दाखवले. त्यांतल्या तीनशेंत वहिनी होत्या आणि उरलेल्या शंभरांत वहिनींची पर्स होती. तरीही मधूनमधून मलाक्का दिसलं. १५११ साली पोर्तुगीजांनी ते शहर जिंकलं आणि तिथे किल्ला बांधला. १६४१ साली डचांनी ते त्यांच्याकडून घेतलं. पुढे इंग्रज आले आणि १८०७ साली त्यांनी किल्ला पाडायला काढला. एक दरवाजा तेवढा शिल्लक राहिला. तो बघायला आता जगभरातून माणसं येतात, आणि २००८ पासून त्या शहराचं नाव युनेस्कोच्या यादीत आहे.

“आणि शेवटी काय पाहिलं ठाऊक आहे?” मलाक्कावाले श्वास रोखून म्हणाले, “पोर्तुगीज वंशाच्या कोळ्यांची वस्ती! अगदी समुद्राकाठी! जूनमध्ये त्यांचा सण असतो. होड्या सजवतात, पाद्रीबाबा होड्यांना आशीर्वाद देतात. काय ते वातावरण! आणि तो मासळीचा वास!”

हे गृहस्थ तीस वर्षं आमच्या कोळीवाड्यातून जाताना नाकाला रुमाल लावत आले आहेत. नारळी पौर्णिमेला इथे होड्या सजतात, वाजतगाजत मिरवणूक निघते, समुद्राला नारळ अर्पण करतात, तेव्हा हे खिडक्या लावून आत बसतात. वास तोच, पण त्याला विमानाचं तिकीट लागलं की त्याचं वातावरण होतं.

मी मनातल्या मनात भरपूर हसलो. पण खरं सांगायचं तर हसण्याचा अधिकार मला नव्हता. तो का नव्हता, हे सांगायचं म्हणजे आक्काची गोष्ट सांगायला हवी.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. मला वाढवलं ते आक्काने. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून १९७६ च्या जूनमध्ये मी मुंबईला निघालो, तो तिने मोडलेल्या पाटल्यांच्या पैशांवर. एस. टी. सुटताना ती म्हणाली, “मुंबई नीट बघ आणि मला लिही.” बस, एवढंच.

मी दांड्यात एका कोळ्याच्या कौलारू खोलीत आठवा भाडेकरू म्हणून दाखल झालो. खोलीत पथाऱ्या मावत सहा. दोघे रात्रपाळीला असत म्हणून गणित जमे. रविवारी रात्रपाळीवाल्यांना सुट्टी, त्यामुळे त्या रात्री मी बाहेर पडवीत. घरमालकीण मोठ्या मनाची. पडवीचं वेगळं भाडं घेत नसे. तिथे टांगलेल्या सुक्या बोंबलांना मांजर लागणार नाही एवढं मी बघायचं. मुंबईतली माझी पहिली नोकरी ती. पगारी मिळाली ती दुसरी.

आता हे आक्काला लिहायचं कसं? हातातल्या पाटल्या मोडून जिने भावाला मुंबईला धाडलं, तिला ‘मी बोंबील राखतो’ असं कळवायचं? तेव्हा मी मुंबई लिहायला घेतली. वाचनालयात एक फाटकं इंग्रजी गाईड होतं. त्यातलं एक ठिकाण घ्यायचं, त्याचं मराठी करायचं आणि पुढे ‘परवा रविवारी तिथे गेलो होतो’ असं जोडायचं. कान्हेरीची शंभरावर लेणी मी अशी एका अंतर्देशीय पत्रात पाहून आलो. त्या पत्रांत एकच वाक्य खरं होतं : ‘घर समुद्राला अगदी लागून आहे.’ तेही जरा उलटं होतं. भरतीच्या वेळी समुद्रच घराला लागत असे.

आक्काची उत्तरं दोन ओळींची असत. ‘पत्र पावले. तब्येतीस जपावे.’ फक्त पहिल्याच वर्षी, जुलैअखेर, गावच्या एका माणसाबरोबर तिने चक्क गोधडी पाठवली. सगळी खोली हसली. मुंबईत, त्या घामाच्या चिकचिकाटात, गोधडी! मीही हसलो. खेड्यातल्या बायकांना मुंबईची हवा काय कळणार, असं म्हणून मी ती अंगावर घेतली आणि पुढची तीन वर्षं सोडली नाही.

पुढे माझं लग्न झालं, दांड्यातच दोन खोल्यांची जागा झाली. आक्काला मी दरवर्षी बोलवायचा. दरवर्षी तिची एखादी म्हैस व्यालेली असायची. म्हशी संपल्या तेव्हा भावोजी आजारी पडले. असं करता करता जवळजवळ पन्नास वर्षं गेली आणि यंदा दसऱ्यानंतर आक्का आली ती मोतीबिंदू घेऊन. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मार्गशीर्षात डॉक्टरांनी शेवटचं तपासलं आणि म्हणाले, “आजी, आता काय वाट्टेल ते बघा.”

डॉक्टर बोलून मोकळे झाले. आक्काने त्याच संध्याकाळी ट्रंकेतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत माझी पत्रं! तारीखवार लावलेली, वर सुतळी. आणि एका वहीच्या कागदावर ठळक अक्षरात यादी.

“हं,” आक्का म्हणाली, “आता हे सगळं दाखव. तू बघितलेलं.”

मी यादी वाचली. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी. जोगेश्वरीची गुंफा. कान्हेरी. मोत माउली. वांद्र्याचा किल्ला. यांतलं मी काय पाहिलं होतं? काही नाही. सगळं गाईडने पाहिलं होतं. माझी ही खांद्यावरून वाकून यादी वाचत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पाहिला नव्हता. “अगं बाई!” ती म्हणाली, “हे सगळं तुम्ही पाहिलंत? मला कधी दाखवलं नाहीत ते!”

सुरुवात अंधेरीपासून केली, कारण अंधेरीत मी बत्तीस वर्षं नोकरी केली. तिथे इमारतींच्या मागून एक काळा सुळका डोकं काढतो, तो मी रोज बसमधून पाहत असे आणि खाणीचा राहिलेला तुकडा असावा असं समजत असे. रिक्षा त्याच्याच पायथ्याशी थांबली. पाटी वाचली आणि मी गार झालो. हीच ती गिल्बर्ट टेकडी. लाव्हा थंड होताना बसाल्टचे खांब तयार झाले, त्या खांबांचा हा दोनशे फूट उंच कडा. वय साडेसहा कोटी वर्षांच्या पुढे. असा दुसरा डोंगर अमेरिकेत वायोमिंगला आहे. तिकडे त्याला राष्ट्रीय स्मारक करून ठेवलंय. आपण ह्याला चारी बाजूंनी ब्लॉक बांधून झाकून ठेवलंय, उन्हाने काळा पडू नये म्हणून असेल. माथ्यावर गावदेवीचं देऊळ. आक्का पायऱ्या चढून गेली, देवीला नारळ ठेवून खाली आली, तेव्हा मी निम्म्यावर बसून धापा टाकत होतो.

“तू मागे वरपर्यंत गेला होतास ना?” तिने विचारलं.

“तेव्हा वीस वर्षांचा होतो, आक्का.”

बघा, खोटं कसं पेन्शनसारखं असतं. एकदा सुरू झालं की मरेपर्यंत मिळत राहतं.

जोगेश्वरी हे माझ्या लेखी अंधेरीनंतरचं स्टेशन. त्या नावाची देवी आहे, आणि ती सहाव्या शतकात खोदलेल्या शिवाच्या लेण्यात आहे, हे मला आक्काचं बोट धरून आत उतरल्यावर कळलं. आजूबाजूला दाट वस्ती, कुठे रेडिओ चालू, कुठे कुकरची शिटी. चार पायऱ्या उतरलं की एकदम गारवा आणि दगडी खांबांच्या रांगा. आक्का खांबाला हात लावून म्हणाली, “वरती माणसं भांडतायत आणि खाली देव निवांत. बरं आहे त्याचं.”

कान्हेरीला आम्ही सोमवारी गेलो. सोमवारी उद्यान बंद असतं, हे मला बोरिवलीच्या फाटकाशी पोहोचल्यावर समजलं.

“तू आलास तेव्हा उघडं होतं का रे?”

“रविवार होता ना तेव्हा!”

मंगळवारी पुन्हा गेलो. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, सगळी वाट रानातून. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंनी इथे खोदायला सुरुवात केली आणि हजारएक वर्षं इथे वस्ती होती. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या वीस फुटांहून उंच उभ्या मूर्ती आहेत. आक्का नव्या डोळ्यांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. मग आम्ही वरच्या अंगाला चढलो. तिथे डोंगरात ओळीने लहान लहान खोल्या. आत निजायला दगडी ओटा, पुढे ओसरी, दारात पाण्याचं टाकं. त्या टाक्याला पोढी म्हणतात. पावसाचं पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून तिच्यात येतं. मुंबईच्या माणसाने हे बघू नये. दोन हजार वर्षांपूर्वी, बोरिवलीत, स्वतंत्र खोली, पुढे ओसरी आणि दारात चोवीस तास पाणी! पागडी नाही, डिपॉझिट नाही. फक्त संसार सोडायचा.

आक्का एका ओट्यावर टेकली. “एकेकाला एकेक खोली होती म्हणायची,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “तुम्ही किती जण होता रे खोलीत?”

“आठ,” मी बोलून गेलो. पत्रांत मी ‘दोघे’ लिहिलं होतं.

आक्का काही बोलली नाही. परत फिरताना मी भलत्याच पायवाटेला लागलो. तिथला रखवालदार ओरडला, “ओ काका, तिकडे रस्ता नाही. पहिल्यांदाच आलात का?” मी घाईघाईने “हो” म्हटलं आणि जीभ चावली. आक्का पोढीत वाकून पाणी बघत होती. कोकणातल्या बायकांना नको ते ऐकू न येण्याची विद्या जन्मजात असते.

शेवटचा दिवस वांद्र्याचा. आधी मोत माउली. आजची देवळाची इमारत १९०४ ची, सप्टेंबरात जत्रा भरते आणि सगळ्या जातिधर्मांची माणसं नवसाला येतात. बाहेर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. ज्याचं जे दुखत असेल ते त्याने वाहावं. आक्काने मेणाचे दोन डोळे घेतले. “राजापूरच्या देवीला नारळ, अंधेरीच्या देवीला नारळ, हिला डोळे,” ती म्हणाली, “जिचा जसा रिवाज.” मी कोणता अवयव वाहावा? दुकानात मेणाची जीभ शोधली. नव्हती.

तिथून उतरलो ते किल्ल्यावर. १६४० साली पोर्तुगीजांनी समुद्रात शिरलेल्या टोकावर हा पहारा बसवला, येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला. आज थोडा तट उरलाय, आणि समोर २००९ साली सुरू झालेला वरळीचा सागरी सेतू. मला मलाक्कावाल्यांची आठवण झाली. तेच पोर्तुगीज, तशीच पडझड, तसाच समुद्र. आक्काला मी ती सगळी हकिकत सांगितली.

“एवढं विमानाने जाऊन त्यांनी काय बघितलं म्हणालास?”

“किल्ल्याचा दरवाजा.”

“आणि आपण?”

“किल्ल्याची भिंत.”

“मग त्यांचा दरवाजा आणि आपली भिंत जोडली तर एक किल्ला होईल,” आक्का म्हणाली आणि तटाच्या सावलीला बसली.

सूर्य खाली उतरत होता. तांबडा लाल, ताटाएवढा. मार्गशीर्षातलं आभाळ स्वच्छ. आम्ही तिघं गप्प बसून होतो. सूर्य बुडाला आणि आक्का समुद्राकडे बघतच म्हणाली,

“तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. ‘वांद्र्याच्या किल्ल्यावरून सूर्यास्त पाहिला, सगळा समुद्र सोन्याचा झाला होता.’ तारीख अकरा जुलै.”

“असेल,” मी म्हणालो.

“अकरा जुलै म्हणजे आषाढ, मेल्या. आषाढात सूर्य दिसतो होय रे कोकणात? आमच्याकडे चार दिवस झड लागली होती. खळ्यात पाऊल टाकता येत नव्हतं. आणि तुझा समुद्र सोन्याचा?”

ही तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागली. मी तटाचा एक दगड निरखू लागलो.

“सगळ्या वाडीला मी तुझी पत्रं वाचून दाखवायचे,” आक्का म्हणाली. “सूर्यास्ताचं तेवढं गाळून वाचलं. उगाच कोणी हसायला नको. आणि मनात म्हटलं, पोर आषाढात सूर्यास्त लिहितंय म्हणजे कुठेतरी भिजत असणार. म्हणून गोधडी पाठवली.”

मला काही बोलता आलं नाही. त्या जुलैत पडवीच्या कौलांतून तीन ठिकाणी गळत होतं, आणि गोधडी आली त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपलो होतो. हे तिला मी कधी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, हे मात्र आता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का म्हणाली, “चल. एक ठिकाण राहिलंय.”

“यादी तर संपली.”

“यादीत नाही ते.”

ती पुढे, मी मागे. दांड्याच्या गल्ल्या तिला माझ्यापेक्षा पाठ. ऑपरेशनच्या आधीपासून ही रोज सकाळी म्हावऱ्याला म्हणून बाहेर पडायची आणि दीड तासाने यायची, ते का, हे मी कधी विचारलं नव्हतं. टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी तिला हाका मारत होत्या. “बाय, आज करंदी बग कशी फडफडीत हाय!” सुकत घातलेल्या बोंबलांच्या ओळींखालून वाकून आम्ही एका घरापुढे आलो. कौलं गेली होती, वर स्लॅब पडला होता. पडवी मात्र तीच. दारात एक खूप म्हातारी कोळीण जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती.

“ह्योच का गो तुजा भाव?” तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. “आयतवारी पडवीन झोपायचा त्यो? बोंबील राखायला ठेवलावता. आन् सोताच भाजून खायचा!”

आरोप खरा होता. माझ्या मुंबईतल्या वास्तव्याबद्दल इतकं खरं विधान आजवर दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

आक्काने चपला काढल्या, पडवीत गेली, कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली. जशी कान्हेरीच्या ओट्यावर टेकली होती तशीच. तिथून समुद्राची एक पट्टी दिसते. तिने पडवी नीट बघितली, छत बघितलं, उंबरा बघितला. मग म्हणाली, “हं. बघितली मुंबई.”

म्हातारीने चहा केला. मी पडवीच्या पायरीवर बसून तो प्यायलो. रुमाल खिशातच राहिला.

गेल्या आठवड्यात आक्का गावी परतली. तिला मी पत्र लिहिलं आहे. फोन आहे तिच्याकडे, पण पत्रच लिहिलं. अंतर्देशीय अजून मिळतं. लिहिलं आहे की, काल संध्याकाळी दांड्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहिला, समुद्र सोन्याचा झाला होता. तारखेपुढे न विसरता महिनाही घातला आहे : पौष.